डाव्या नडगीचं दुखणं

नाशिकच्या एका शाळेत मी तीस वर्षं पी.टी.चा शिक्षक होतो. धावणाऱ्या मुलींची तयारी मीच करून घ्यायचो. त्यांत माझी मुलगीही होती. मैदानावर ती मला सर म्हणायची. हळूहळू घरीही सरच म्हणू लागली, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर अभिमानच वाटायचा.

ती पंधराशे मीटर धावायची. रविवारी मी तिला इगतपुरीकडच्या चढाच्या रस्त्यावर घेऊन जायचो. ती पुढे धावायची, मी मागून स्कूटरवर. दहावीच्या वर्षी, विभागीय स्पर्धेला आठवडा राहिला असताना ती म्हणाली की डाव्या नडगीत दुखतंय, पाय टेकला की कळ येते. मी नडगीवरून हात फिरवून पाहिला. सूज नव्हती.

"दुखणं पायात नाही, डोक्यात आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी कितीतरी मुलांना ऐकवलं होतं. बरीच जण त्यानंतर चांगली धावलीही होती.

स्पर्धेत तिसऱ्या फेरीपर्यंत ती पुढे होती. मग ट्रॅकवरून आत सरकली आणि गवतावर पाय धरून बसली. मी कडेला उभा राहून, ऊठ, ऊठ, असं ओरडत राहिलो. तपासणीत हाडाला बारीक चीर निघाली. ही एका दिवसात पडलेली नाही, डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस दुखत असणार. ते माझ्याकडे बघून बोलत होते.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण ती मैदानावर परत आली नाही. मला पुन्हा बाबा म्हणू लागली. मी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. पुढे शिकली, पुण्याला नोकरी लागली, लग्न झालं.

यंदा बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मुलगी महिनाभर येऊन राहिली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती धावायचे बूट घालताना दिसली. सोळा वर्षांनी. मला फार आनंद झाला. तिनं सांगितलं, मोबाइलमध्ये एआय कोच आहे, रोज किती आणि कसं धावायचं ते तोच ठरवतो, मनगटावरचं घड्याळ त्याला नाडी आणि झोप कळवतं. जो जन्मात एक फेरी धावला नाही तो काय शिकवणार, असं मी म्हणून गेलो. ती नुसती हसली.

एक दिवस मीही तिच्यासोबत मैदानावर गेलो. तिनं फोन बाकावर ठेवला आणि बुटाच्या नाड्या बांधू लागली. फोनमधून मराठीत प्रश्न आला, झोप कशी झाली, आज कुठे दुखतंय का. कालपासून डाव्या नडगीत थोडं दुखतंय, असं तिनं साध्या आवाजात सांगितलं. मग आज धावू नका, वीस मिनिटं सावकाश चाला, दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, असं उत्तर आलं. ती उठून चालायला लागली.

"एवढ्याशानं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती थांबली. रागावली नव्हती.

"बाबा, तो रोज विचारतो," ती म्हणाली. "आणि सांगितलं की ऐकतो."

ती चालत राहिली आणि मी बाकावर बसलो. त्या यंत्राला तिचा पाय दिसत नव्हता. ती खरं बोलतेय की आळस करतेय, हेही त्याला कळायला मार्ग नव्हता. तिनं सांगितलं तेवढंच त्यानं धरलं. मला तर तिनं सांगितलंही होतं, आणि मी हात लावून पाहिलंही होतं.

दुपारी बायकोच्या डोळ्यांत थेंब घालताना मी तिला हे सांगितलं. ती डोळे मिटूनच म्हणाली की त्या स्पर्धेआधीच्या आठवड्यात मुलगी रोज शाळेतून आली की न्हाणीघरात पाय गार पाण्यात धरून बसायची, आणि सरांना सांगू नकोस म्हणायची. मी विचारलं, तू तेव्हा का बोलली नाहीस? तुम्ही ऐकलं असतं का, असं तिनं विचारलं. थेंब घालून झाले, असं मी म्हणालो.

दुसऱ्या सकाळी मी मुलीला विचारलं, "पाय कसा आहे?"

"बरा आहे," ती म्हणाली. चहा घेतला आणि कपबशी विसळून ठेवली. मला अजून बोलायचं होतं. त्या दिवशी मी चुकलो, एवढंच. महिना संपेपर्यंत ते काही जमलं नाही. नाशिकच्या द्वारका चौकात तिला पुण्याच्या गाडीत बसवलं, तेव्हाही मी तिकीट आणि पाण्याच्या बाटलीबद्दलच बोलत राहिलो.

दोन महिन्यांनी ती पुण्यात दहा किलोमीटरची शर्यत धावली. बायकोला आधीपासून ठाऊक होतं. मला पदक गळ्यात घातलेला फोटो आल्यावर कळलं. मी फोन केला, शाबासकी दिली, आणि आधी का सांगितलं नाहीस ते विचारलं.



"तुम्ही आला असता ना," ती म्हणाली.

मी म्हणालो, हो, आलो असतो.