छत ठोकणारे देवरावजी

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी चपला काढतात. देवरावजी आधी छत ठोकायचे. हातात झाडूचा दांडा, डोळे मिटलेले, मान तिरकी. चार ठिकाणी ठकठक झाली की निकाल लागायचा, “पक्कं आहे. आता चहा ठेवा.”

देवरावजी चंद्रपूरकडचे, बहारीनला आमच्या कंपनीत स्टोअरकीपर. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, “आमचे पणजोबा मालगुजार होते, भाऊ. गावच त्यायचं. जमिनीखाली कोळसा लागला, तं आपल्याच वावरात खाण खोदली त्यायनं.” ही खाण मी पुढे इतक्यांदा ऐकली की दर वेळी ती थोडी आणखी खोल जायची. आम्ही रत्नागिरीची मंडळी त्यांना ‘मालगुजारसाहेब’ म्हणायचो. ते खूश व्हायचे.

बायको आणि सहा महिन्यांची मुलगी येणार म्हणून मी नईम भागातल्या एका जुन्या घरात खोली घेतली. देवरावजींनी छत ठोकलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“पोकळ बोलून राहिलं हे. इथं लेकराले नका निजवू.”

फ्लाइट दुसऱ्या दिवशीची. आता दुसरी खोली कुठून आणणार? मी हसून म्हटलं, “साहेब, ही तुमची खाण नाही.” मी खोलीच्या मधोमध मांडलेला पाळणा त्यांनी स्वतः ओढत दाराजवळ नेला. तो मी परत हलवणार होतो, पण आळसानं राहून गेलं.

चौथ्या दिवशी दुपारी, पाळण्याच्या आधीच्या जागी परातीएवढा गिलावा कोसळला. दाराजवळ झोपलेली मुलगी धुळीनं नुसती शिंकली. मी लगेच देवरावजींना फोन लावला.

देवरावजी धावत आले, मुलीला छातीशी धरून बसले. मी म्हटलं, “शेवटी मालगुजाराचंच रक्त.”

“मालगुजार कायले ठोकते छत? तो वर खुर्चीत बसे. खाली खाणीत छत ठोके तो आमचा पणजा. एक दिवस म्हणाला, छत पोकळ बोलते, आज माणसं उतरवू नका. मालक हसला. पणजा उतरला, तो वर आलाच नाही.”

मीही हसलो होतो. ते आठवून मला फार लाज वाटली.

“मग इतकी वर्षं मालगुजार का सांगितलंत?”

“ठोकणाऱ्याच्या पणतूचं कोण ऐकते, भाऊ? तुम्ही तं मालगुजाराच्या पणतूचंही नाही ऐकलं.”

पाच-सहा वर्षांनी देवरावजी रिटायर होऊन गावी गेले. परवा आम्ही हमद टाउनला नवीन घर पाहिलं. प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी आत शिरताच मराठीत म्हणाली, “बाबा, आधी झाडू द्या.”

तिला खांद्यावर घेतलं. ती ठोकत होती, तोवर मी श्वास रोखून ऐकत राहिलो.