मुद्देसूद कंबरदुखी

मुलांना फार चांगलं शिकवू नये, अशा ठाम मताला मी आलो आहे.

मी नाशिक रोडच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवतो. पोरांच्या डोक्यात मी एकच गोष्ट ठोकत असतो: नुसतं मत मांडू नका, कारण द्या, तपशील द्या! "आमचं गाव छान आहे" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, "कशावरून?" माझी मुलगी जुई माझ्याच वर्गात. तिच्यात हे इतकं भिनलंय, की भोपळ्याची भाजी नको असली तरी ती मुद्देसूद बोलते (आणि मीच भोपळा परत ठेवून येतो).

तर गेल्या वर्षी वादविवाद स्पर्धेत आमची शाळा पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली. रविवारी अकरा वाजता! आणि नेमका त्याच रविवारी नामपूरला माझ्या मेहुणीचा साखरपुडा. मला स्पर्धा चुकवायची नव्हती. मी समोर बसलो नाही तर पोरांची बोबडी वळेल, याची मला खात्रीच होती. पण थोरल्या जावयानं साखरपुडा चुकवणं म्हणजे आमच्या सासरी घोर अपराध. बायको आधीच माहेरी गेलेली. जाताना बजावून गेली, "आप्पांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा. मला मध्ये घेऊ नका."

मी सासऱ्यांना फोन लावला. "आप्पा, मला जरा बरं नाहीये..."

"जरा म्हंजे? काय व्हयनं?"

"म्हणजे... ते आपलं... तसं काही..."

जुईनं कपाळावर हात मारला आणि फोन हिसकावून घेतला.

"आजोबा, बाबा येऊ शकणार नाहीत. कारण त्यांच्या कंबरेत उसण भरलीय. गॅसचं सिलिंडर उचलायला वाकले ना, ते वाकलेच! चहासुद्धा आडवं पडून स्ट्रॉनं प्यायले. गाडीत बसवलं तर सटाणा यायच्या आधीच रडतील!"

वा! मत, कारण, तपशील! मी तिला अंगठा दाखवला. पलीकडून आप्पांचं "अरे देवा, अरे देवा!" ऐकू येत होतं. मुद्दा पटला होता. जरा जास्तच पटला होता.

तासाभरात बायकोचा फोन. "काय सांगितलंत हो तुम्ही? आप्पा म्हणतात, जावईबापू तिकडे अंथरुणाला खिळलेत आणि आपण इथे पेढे वाटायचे? साखरपुडा आता नाशिक रोडला! मुलाकडचे ओझरचे, त्यांना उलट जवळच पडतंय."

"नाशिक रोडला कुठे?"

"कुठे म्हणजे? आपल्या हॉलमध्ये!"

रविवारी सकाळीच सोसायटीच्या दारात पिकअप उभी राहिली. पातेली उतरली, आचारी उतरला, अर्धं नामपूर उतरलं! मी पलंगावर कण्हत पडलो. प्रत्येक जण आधी मला भेटून मगच चहाला जात होता. कुणी शहाळं आणलं, कुणी शेकायला वीट तापवत बसलं. दहा वाजत आले तसा माझा धीर सुटला. मी उठून बसलो.

"आप्पा, आता एकदम बरं वाटतंय!"

"कशावरून?" आप्पा म्हणाले. (आता सासरेही!) मी आशेनं जुईकडे पाहिलं.

"नाही आजोबा," जुई म्हणाली, "बाबा दुखणं अंगावर काढतात. मागे दाढ ठणकत होती, तरी तुमच्याकडे हसत हसत चकल्या खाल्ल्या त्यांनी!" कार्टी रंगात आली होती.

आप्पांनी डोळे पुसले आणि हाक मारली, "रखमाआत्या, या बरं इकडं!"

रखमाआत्या पायाळू. म्हणजे जन्माला येताना आधी पाय आलेल्या. अशा माणसाची लाथ कंबरेत बसली की उसण पळते, असा आमच्या सासरचा ठाम विश्वास. आत्या सत्तरीच्या, पण उभा जन्म शेतात गेलेला! दोन मेहुण्यांनी मला पालथं घातलं. ओझरची मंडळीही पेढे खात दारात गोळा झाली.

"देवाचं नाव घ्या, जावईबापू!" आत्या म्हणाल्या, आणि अशी लाथ घातली म्हणता! आई गं!

उसण पळाली नाही. आली! अगदी खरीखुरी! बाहेर अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या वाजल्या, आणि मी आत पालथा पडून माझ्या पोरांच्या काळजीनं चक्क रडलो. बिचारी एकटी पडली असतील. सगळ्यांना वाटलं, कंबर दुखतेय. तीही दुखतच होती म्हणा.

दुपारी आमच्या संघाच्या कप्तानाचा, आफरीनचा फोन आला. "सर, जिंकलो!"

"काय सांगतेस! आणि तेही मी नसताना?"

"सर, तुम्ही नव्हता म्हणूनच!"

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "कशावरून?"

"सर, एक तर तुम्ही पहिल्या रांगेत बसून आमच्याबरोबर ओठ हलवता, त्यानं आम्ही पुढचं विसरतो. शिवाय तुम्हाला राहवत नाही. उदाहरणार्थ, मागच्या फेरीत तुम्ही जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मुद्दा समोरच्या शाळेचा होता!"

मत, कारण, तपशील. मी पालथ्या पालथ्याच तिला पैकीच्या पैकी गुण दिले.