अण्णा दाराबाहेर उभे होते

प्रार्थनेला गुडघे टेकावेत आणि शब्दच येऊ नयेत, असे दिवस माझ्या आयुष्यात फार थोडे आले. गेल्या उन्हाळ्यात मात्र ते आले. आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला. ख्रिस्ती घरं मूठभर, चर्च जुनं, दगडी. पाळकसाहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी येईना. मी लग्नाआधी ईशज्ञानाचं शिक्षण पुरं केलेलं, रविवारची शाळाही बरीच वर्षं घेतलेली. म्हणून नवे पाळक येईपर्यंत उपासना मी चालवावी, उपदेशही मीच करावा, असं महिला मंडळानं सुचवलं. पाळकाची बायको ती पाळकीणबाई, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण उपदेशाला बाईनंच उभं राहायचं, हे कोणी पाहिलं नव्हतं.

उपासनेनंतर बैठक बसली. अण्णा चर्चचे सर्वांत ज्येष्ठ पंच, माझ्या वडिलांचे सोबती. वडील गेल्यावर लग्नात माझा हात धरून मला वेदीपर्यंत नेलं ते त्यांनीच. ते उठले आणि माझ्याकडे बघूनच बोलले. "पोरी, तुझ्या ज्ञानाबद्दल मला तिळभर शंका न्हाई. पन बायांनी मंडळीत शिकवू नये, असं बायबलात प्रेषितानं लिहून ठेवलंय. ते मी कसं खोडू?"

महिला मंडळाच्या शांताबाई शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, प्रभू मेलेल्यातून उठला ही बातमी पहिल्यांदा कुनी आनली? बायांनीच ना? त्यांना प्रभूनं गप बसा म्हटलं न्हाई."

"व्हय, खरंय," अण्णा म्हणाले. "त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई. पन माझं मन धजत न्हाई, शांताबाई."

कोणी आवाज चढवला नाही. सगळ्यांनी आठवडाभर प्रार्थना करायची आणि पुढच्या रविवारी ठरवायचं, असं म्हणून आम्ही उठलो.

अण्णा रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ज्या माणसाच्या मांडीवर बसून मी पहिली गीतं शिकले, त्याचं मन मोडून व्यासपीठावर उभी राहू? आणि शास्त्राबद्दल त्यांना वाटते ती भीती मलाही वाटतच होती. ही प्रभूची हाक आहे की माझी हौस, हेच मी विचारत राहिले. उत्तर येईना. शेवटी मीच ठरवलं, नको. नाव मागं घ्यायचं.

हे सांगायला अण्णांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, सकाळी काकूंचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, अंग एका बाजूनं लुळं पडलं, त्यांना नगरला दवाखान्यात नेलंय. मी तशीच फाट्यावर आले आणि मिळेल त्या एसटीत बसले.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नव्हते. अण्णा बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर काकूंची शाल. इतके लहान ते मला कधी दिसले नव्हते.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "ती लई घाबरलीय. बोलता येत न्हाई तिला. आत जा, तिच्यापाशी प्रार्थना कर."

"अण्णा, मी तुम्हाला सांगायला आले होते..."

"ते मागनं. आधी जा."

काकूंचं तोंड वाकडं झालं होतं, डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. मी त्यांचा हात धरला. इतके दिवस न आलेले शब्द कुठून आले, मला सांगता येणार नाही. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना मी म्हणू लागले, तसे काकूंचे ओठ हलू लागले. शेवटचं आमेन त्यांनी म्हटलं. अर्धंमुर्धं, पण म्हटलं.

शेजारच्या खाटेवर कर्जतकडची एक म्हातारी मुसलमान बाई होती. साखरेच्या आजारानं पाय चिघळलेला. ती म्हणाली, "बाई, माझ्यासाठी बी दुवा मागा ना. उद्या पाय कापनार म्हनत्यात." मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मागितली. मग पलीकडून कोणीतरी हाक मारली, मग आणखी कोणी. मी एका खाटेवरून दुसरीकडे जात राहिले. आपल्याला हा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात आलाच नाही. कोणी विचारलाही नाही.

बाहेर आले तर दार किलकिलं होतं आणि अण्णा टोपी हातात घेऊन दारालगत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, मी नाव मागं घेते."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "माझ्यासाठी घेतीस, का देवासाठी?"

मी बाकावरची काकूंची शाल उचलली आणि पुन्हा आत गेले.

रविवारी बैठकीत अण्णा उठले. म्हणाले, "शास्त्र मी अजून तसंच वाचतो. खोटं कशाला बोलू? पन दवाखान्यात मी दाराबाहेर हुतो आन देव आत हुता. पोरीच्या तोंडून बोलत हुता. त्याच्या वाटंत मी उभा ऱ्हानार न्हाई." मग त्यांनी एवढंच मागितलं की प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला दुसऱ्या गावचे पाळक यावेत. शांताबाई म्हणाल्या, "चालंल, अण्णा." मीही आनंदानं मान डोलावली.

त्या कर्जतच्या बाईचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. तिचं नावही विचारायचं राहून गेलं. पण मी तिच्यासाठी रोज मागते. तिनं माझ्याकडे दुवा मागितली तेव्हा मला काय देऊन गेली, हे तिला ठाऊक नसेल. समर्पण म्हणजे आपण माघार घेणं, असं मी समजत होते. पण माझी माघारही मीच ठरवलेली होती. प्रभू उभं करील तिथं उभं राहायचं आणि बसवील तिथं बसायचं, एवढंच आपल्या हाती, हे तो मला हळूहळू शिकवतो आहे. त्याचे उपकार किती मानू!

काही आठवड्यांनी झालेल्या माझ्या पहिल्या उपदेशाला काकू काठी टेकत आल्या. अण्णा त्यांना धरून शेवटच्या बाकावर बसले. भीतीनं माझा आवाज इतका बारीक झाला होता की पुढच्या रांगेलाही धड ऐकू जात नसेल. तेवढ्यात मागून अण्णा म्हणाले,

"पोरी, मोठ्यानं बोल. आमाला ऐकायचंय."