कागदाची कोरी बाजू

प्रिंटरच्या गरम शाईचा वास आला की मला मसुरे गावातली एक मळभट दुपार आठवते. अधू नजरेच्या माणसांना वाचता येईल असं ठळक, सुटंसुटं मराठी अक्षर मी तयार करत होतो आणि नमुने घेऊन एका म्हाताऱ्या काकींच्या पडवीत बसलो होतो. सुनेच्या तोंडून पोथी ऐकून त्या कंटाळल्या होत्या. त्यांना पुन्हा स्वतः वाचायचं होतं. पहिले नमुने वाया गेले. शेवटचा मात्र त्यांनी डोळ्यांशी नेऊन घडाघडा वाचला, "पाणी वाढता, होडी वर घे." मी टाळी वाजवली, मनातल्या मनात सत्काराची शालही पांघरली. मग दिसलं, की 'आज बाजार बंद आहे' हे माझं वाक्य माझ्याकडेच तोंड करून होतं. घाईत मीच कागद उलटा दिला होता. काकींसमोर कोरी बाजू होती. "काकी, उलटो आसा गो कागद," मी म्हणालो. "गप रे झिला. तुझी अक्षरां माका दिसनत नाय. ह्यां माझ्या घोवाचां अक्षर." आतली सून उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. काकींचा नवरा होडीसकट खाडीत बुडाला होता, हे तिने मला निघताना सांगितलं. हल्ली माझीही नजर अधू झालीय. परवा प्रिंटरमधून एक कोरा कागद निघाला, त्यावर ओळ असल्यासारखी वाटली. मी ती वाचली नाही. माझ्या अक्षरातली नव्हती, एवढं नक्की.