आभाळातला रेडा

पक्षाघाताने मालोजींची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. मुलाच्या चिखलीच्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर खिडकीपाशी बसून असत. पत्नी जाईबाई त्यांना भरवायच्या, एकट्याच बोलत राहायच्या. समोरून हूं की चूं नाही. चाकणजवळच्या गावात ज्याची हाळी पार शिवेपर्यंत जायची, तो माणूस असा मुका झालेला पाहून त्यांचा जीव तुटायचा.

फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताला काहीतरी काम द्या. सून हर्षालीने रंग आणि मोठा कागद आणला. मालोजींनी आठवडाभर खपून चित्र काढलं. निळा डोंगर, त्यावर शेळ्या उताण्या, पाय आभाळाकडे. नदीत कोंबडे पोहतायत. झाडाला पानांच्या जागी बगळे. आणि या सगळ्याच्या वर, ढगातून, एक काळाकभिन्न रेडा शिंगं पसरून थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतोय.

"स्वप्नातलं वाटतंय ना!" हर्षाली म्हणाली.

मुलगा गोरक्ष कंपनीतून शिफ्ट संपवून नुकताच आला होता. तो आईच्या कानाशी लागला. "आण्णांच्या डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक."

जाईबाईंची नजर मात्र रेड्यावरून हलेना. रेडा कुणाचं वाहन, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तोंडाने सांगता येईना, म्हणून मालकांनी रंगातून निरोप दिला, आता निघतो! जाईबाईंच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं, की मालोजी हट्टाने ते पुन्हा फिरवायचे.

शेवटी एका दुपारी घरात दोघंच असताना जाईबाईंनी चित्र मांडीवर घेतलं.

"अवं, माझी शपथ हाय, खरं सांगा. ह्यो रेडा तुमास्नी न्यायला आलाय व्हय?"

मालोजी चित्राकडे बघत राहिले, मग बायकोकडे. वाकडा ओठ थरथरला. रडतायत की काय, असं जाईबाईंना वाटलं, तोच त्यांचे खांदे गदगदायला लागले. ते हसत होते! हसता हसताच त्यांनी ब्रश गुलाबी रंगात बुडवला आणि काळ्या पोटाखाली भली मोठी कास काढली. चांगले चार सड.

"आगं बया! म्हस?"

मान जोरात हलली.

"आपली चंद्री? माझ्या म्हायेरची?"

जाईबाईंनी माहेराहून आणलेली ती म्हैस दावं तोडायची आणि कुणालाही न जुमानता थेट स्वयंपाकघरात घुसायची. मालोजींच्या घशातून खरखर आली. "च... चंद... री."

जाईबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि तशाच ओरडल्या, "आन् कपाळावरला चांद कुटं हाय तिच्या? त्योच इसरला!" त्यांनी ब्रश ओढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा रंगाला हात लावला. चांद जरा तिरका उमटला.

मग बाकीच्या जनावरांची चौकशी झाली. शेळ्या उताण्या का, यावर मालोजींनी नुसता डावा खांदा उडवला. नसेल काही कारण, जाईबाई म्हणाल्या, आणि खुशाल त्या शेळ्यांनाही कासा काढायला बसल्या.