नसा धुणारं तेल

वडिलांच्या हृदयाच्या नसांमध्ये चरबी साचलीय असं कळल्यावर मी जालन्याहून ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन जाफराबादला गेले. जन्मभर करडईचं तेल खाल्लेल्या अण्णांनी ते चमचाभर प्यायलं आणि त्यांना ठसका लागला. "घशाला झोंबतंय, म्हंजे औषध जोरदार हाय," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला पाहते तर बाटली संपत आलेली आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली. "गोळ्या कशाला? हे तेल नसा धुऊन काढून राह्यलं ना!"

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "तेलात जे घशाला झोंबतं, ते रक्तातली चरबी खराब होण्यापासून वाचवतं. पण साचलेलं काही ते धुऊन काढत नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत."

अण्णांनी मान डोलावली. परतताना जीपमध्ये मला म्हणाले, "डॉक्टरला गोळ्या खपवायच्यात." मी समजावलं, रडलेसुद्धा. ते बाहेरची कपाशी बघत राहिले.

आता रोज सकाळी मी फोनवर विचारते, "अण्णा, गोळी घेतली?"

"घेतली की," ते म्हणतात. इथं जालन्यात बसून मला ते खरं मानावं लागतं.