सागरदेवीचा कौल

सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर स्टुटगार्टला आल्या, त्या माझी मुलगी न्यायलाच. सहा वर्षांच्या नातीला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते, हे त्यांना सहन होत नव्हतं. तिला मालवणच्या शाळेत घालायचं त्यांनी माझ्या नवऱ्याकडून कबूल करून घेतलं आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीरही केलं. मला कुणी विचारलं नाही. त्या काळात त्या मला डोळ्यांसमोर नको असायच्या.

एकच अडसर होता. देवीला कौल लावल्याशिवाय त्या पोरीला हलवणार नव्हत्या.

हॅम्बुर्गला फिरायला गेलो, तेव्हा एका दुकानामागच्या खोलीत चिनी सागरदेवीचं देऊळ आहे, हे मीच बोलून गेले. माझंच तोंड नडलं. "दर्याची म्हणजे आपलीच. तिथंच कौल लावू," सासूबाई म्हणाल्या.

खोलीत उदबत्त्यांचा धूर कोंडला होता. देवीपुढे संत्री रचलेली. पूजा करणाऱ्या म्हातारीने अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे दिले आणि जर्मनमध्ये समजावलं: एकाची सपाट बाजू वर, दुसऱ्याची फुगीर, म्हणजे देवी राजी. दोन्ही फुगीर, म्हणजे नाही. सासूबाईंना काय कळणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "टाका," एवढंच मी म्हटलं.

"आई, नातीला घेऊन जाऊ का?" त्यांनी मोठ्याने विचारलं आणि तुकडे टाकले. एक सपाट, एक फुगीर. म्हातारी हसून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?"

"देवी नाही म्हणते," मी म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग नातीकडे वळल्या. "तू सांग गं. तुला कळतं ना त्यांचं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत आजीशी जिने मराठीचा एक शब्द काढला नव्हता, ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजी, देवी नाही म्हणाली. मला आईजवळ राहायचंय."

सासूबाईंनी वाकून तुकडे उचलले आणि म्हातारीच्या हातात दिले.

"मी एकटीच जाईन," त्या मला म्हणाल्या. "ही बाई कशी हसली ते मी पाहिलंय. पोरीला मराठी शिकवलंस, चांगलं केलंस. पण पहिल्यांदा आजीशी बोलली, ते देवीसमोर खोटं."